खर्च ठेकेदाराचा, उमेदवारी माझी: उभा राहू का?

ताई, नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खदानीत भूमिगत कामाला आहे. वय ४१. बाबा रेल्वे सायडिंगवर ठेकेदाराकडे कोळसा भरायचे, छातीच्या दुखण्यानं लवकर गेले. माय वॅगनमधून सांडलेला कोळसा वेचून टोपल्यानं चहाच्या टपऱ्यांवर विकायची. मी नववीत शाळा सोडली. लग्नानंतर सासऱ्यांची शेती खदानीत गेली आणि त्या जमिनीच्या बदल्यात मला नोकरी लागली.

बऱ्याच वर्षांपासून युनियनचं काम करतो. कोणाला मार लागला तर दवाखान्यात सोबत जाणं, रिटायर झालेल्यांचे पेन्शनचे कागद लावणं, विधवा बायांचे अर्ज भरून देणं, असं. आता नगर परिषदेची निवडणूक आहे आणि प्रभागातले लोक म्हणतात, भाऊ, तुम्ही उभे राहा.

गावातला एक मोठा ठेकेदार घरी येऊन गेला. म्हणाला, तिकीट मी आणतो, खर्च माझा, तू फक्त उभा राहा. तुझ्या मायची कोळसा वेचायची गोष्ट बॅनरवर टाकू, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. माय त्या दिवशी जेवली नाही. म्हणते, ते दिवस चव्हाट्यावर आणू नको. बायको म्हणते, ही नोकरी माझ्या बापाच्या जमिनीची आहे, राजकारणापायी घालवायची नाही. माझी स्वतःची भीती वेगळीच. चार माणसांसमोर उभा राहिलो की जीभ अडखळते. समोर एक वकील आहे, एक डॉक्टरचा मुलगा आहे. आमच्यासारख्यानं या वाटेला जावं का? आणि गेलो तर पैसा कोणाचा घ्यावा?

– एक खाणकामगार

भाऊ, नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देते, मग सविस्तर बोलू. या वाटेला जरूर जा. पण त्या ठेकेदाराच्या पैशावर जाऊ नका. त्याच्याशिवाय या निवडणुकीत निभावणार नसेल तर ही निवडणूक सोडा आणि पुढचीची तयारी आजपासून करा.

तुमचं पत्र वाचताना मला सतत कीर हार्डी आठवत होते. ब्रिटनच्या मजूर पक्षाची पायाभरणी ज्यांनी केली त्यांतले हे सगळ्यात मोठं नाव. पार्लमेंटात जाण्याआधी ते तेरा वर्षं कोळशाच्या खाणीत होते. तुमच्यासमोर आज जे प्रश्न आहेत, त्यांतला जवळपास प्रत्येक प्रश्न त्यांच्यासमोर आला होता, अगदी ‘आम्ही पैसे देतो’ म्हणणारे लोकसुद्धा. म्हणून त्यांच्याबद्दल जरा लांबण लावते.

जन्म १५ ऑगस्ट १८५६ चा, स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमधला. आई मेरी कीर लोकांच्या घरी काम करायची आणि तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं. पुढे तिनं जहाजावर सुतारकाम करणाऱ्या डेव्हिड हार्डीशी लग्न केलं. घरात खाणारी तोंडं वाढत गेली, बापाचं काम मात्र कधी असे, कधी नसे. पोरगा सात-आठ वर्षांचा होताच कामाला लागला. शाळा अशी नाहीच. वाचायला शिकवलं ते आईनं.

दहाएक वर्षांचा असताना तो ग्लासगोत एका पावभट्टीवाल्याकडे होता, आठवड्याला साडेतीन शिलिंगांवर. गोदीतल्या टाळेबंदीमुळे बाप घरी बसलेला, धाकटा भाऊ तापानं फणफणलेला, आई गरोदर. घरात येणारा पैसा म्हणजे या पोराचे साडेतीन शिलिंग, बाकी काही नाही. आजारी भावाजवळ रात्र काढून सकाळी कामावर पोचायला उशीर झाला, लागोपाठ दोनदा. मालकानं घरात बोलावून घेतलं. मालक बायकापोरांसह न्याहारीला बसला होता, टेबलावर कॉफी होती, खायचे चांगलेचुंगले पदार्थ होते. उपाशी पोराला त्या टेबलासमोर उभं करून त्यानं वेळेचं महत्त्व ऐकवलं, कामावरून काढलं आणि वर आठवड्याचा पगार दंड म्हणून कापून घेतला.

त्यानंतर खाण. दहाव्या वर्षी हवेच्या दारावर बसायचं काम मिळालं. तुम्ही भूमिगत काम करता, हे दार काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कोळशाचा टब आला की उघडायचं, गेला की लावायचं, आणि दिवसाचे दहा तास अंधारात एकट्यानं बसून राहायचं. हिवाळ्यात रविवार सोडला तर ऊन दिसायचं नाही. मग घोडे हाकणं आणि पुढे प्रत्यक्ष कोळसा काढणं, असं वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत. मधल्या काळात रात्रशाळा. तिथं दिवाबत्तीची सोय नव्हती, ज्यानं त्यानं आपली मेणबत्ती आणायची. शॉर्टहँड शिकायचा ध्यास घेतला तेव्हा पाटी म्हणून त्याच्याकडे दगड होता. दिव्याच्या धुरावर धरून तो काळा करायचा आणि वात वरखाली करायला कामगारांजवळ जी तार असे, त्या तारेनं काजळीवर अक्षरं गिरवायची. हाच मुलगा पुढे मजुरांचं वर्तमानपत्र चालवणारा संपादक झाला.

आता तुमच्या कामाचा भाग. हार्डी एकदम निवडणुकीला उभे राहिले नाहीत. आधी खाणीतल्या तक्रारी घेऊन मॅनेजरकडे जाणारा माणूस, मग युनियनचा चिटणीस. त्यापायी नोकरी गेली, भावांनाही काढलं आणि आजूबाजूच्या खाणींत हार्डी नावाच्या माणसाला काम मिळेना. १८८० मध्ये लॅनार्कशायरमध्ये संप झाला तेव्हा नवरा-बायकोनं मिळून संपकऱ्यांच्या पोराबाळांसाठी सूप शिजवून वाटलं. संप फसला. ते कमनॉक नावाच्या गावी गेले, आयरशायरच्या खाणकामगारांना संघटित करू लागले आणि पोटासाठी स्थानिक पेपरात लिहू लागले. पहिली निवडणूक आली ती १८८८ मध्ये. म्हणजे आठ-नऊ वर्षं लोकांची कामं आधी, उमेदवारी नंतर. तुम्ही दवाखान्याच्या आणि पेन्शन ऑफिसच्या ज्या चकरा मारल्या, ते नुसतं समाजकार्य नव्हे. प्रभागातले लोक तुमचं नाव घेतात ते त्या चकरांमुळेच. ठेकेदारालाही तुमच्यात दिसलेलं भांडवल तेच आहे, आणि ते तो स्वतःच्या पैशानं उभं करू शकत नाही.

१८८८ ची गोष्ट तर तुमच्यासाठीच घडल्यासारखी आहे. मिड-लॅनार्कला पोटनिवडणूक लागली. खाणींचा मुलूख, मजुरांची मतं पुष्कळ. हार्डी आधी लिबरल पक्षाकडे गेले. त्यांनी उमेदवारी दुसऱ्यालाच दिली, तेव्हा हार्डी स्वतंत्र उभे राहिले. मतं फुटतील म्हणून लिबरलांच्या बाजूनं निरोप आला: माघार घ्या, पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत तुम्हाला चांगला मतदारसंघ देऊ, निवडणुकीचा खर्च आम्ही करू, शिवाय वर्षाला ३०० पौंड पगार देऊ. त्या काळात खासदारांना पगारच नव्हता, तो १९११ मध्ये सुरू झाला. ज्याच्या घरात महिन्याचा मेळ बसत नाही त्याला वर्षाचे ३०० पौंड म्हणजे काय, हे तुम्हाला कळेल. त्यांनी नाही म्हटलं. मतं पडली ६१७. आपटले.

मला या ६१७ मतांबद्दल फार आदर वाटतो. त्याच वर्षी त्यांनी स्कॉटिश मजूर पक्षाची स्थापना केली आणि चार वर्षांनी, १८९२ मध्ये, लंडनजवळच्या वेस्ट हॅम साउथमधून ते निवडून आले. लिबरलांचे ३०० पौंड घेतले असते तरी ते कदाचित खासदार झाले असते. पण बोलायला उभं राहताना प्रत्येक वेळी पैसे देणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

याच्या उलट उदाहरणही सांगते, कारण पैशाशिवाय निवडणूक होत नाही हे मलाही ठाऊक आहे. हार्डींच्या आधी, १८७४ मध्ये, दोन खाणकामगार पार्लमेंटात पोचले होते: अलेक्झांडर मॅकडोनल्ड आणि थॉमस बर्ट. बर्टही दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला. त्याला नॉर्थंबरलंडच्या खाणकामगारांची युनियन वर्षाला ५०० पौंड द्यायची, कामगारांच्या वर्गणीतून. पैसा तोही घेत होता, पण तो ज्यांच्यासाठी बोलणार त्यांच्याचकडून.

आता त्या ठेकेदाराकडे वळू. तुम्ही त्याचा हेतू लिहिलेला नाही आणि मी त्या माणसाला ओळखत नाही. पण ठेकेदाराला नगरसेवक कशासाठी लागतो हे आपण दोघंही जाणतो. रस्ता, नाली, पाइपलाइन, कचरा उचलणं, या सगळ्याचे ठराव सर्वसाधारण सभेत येतात आणि तिथं हात वर करायची वेळ येते. तुमच्या जिल्ह्यात आणखी एक मोठा पैसा आहे, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाण चालवणाऱ्याला रॉयल्टीच्या, म्हणजे काढलेल्या खनिजावर सरकारला द्यायच्या रकमेच्या, वर हा वाटा द्यावा लागतो: खाणीचा जुना पट्टा असेल तर रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातून आलेला नवा असेल तर १० टक्के. तो आहे खाणीची झळ बसलेल्या लोकांच्या पाण्यासाठी, दवाखान्यासाठी, शाळेसाठी. ज्या वस्तीच्या छतावर रोज कोळशाची धूळ बसते, ब्लास्टिंगनं भिंतींना भेगा जातात, तिथं या पैशातून काय झालं, हे विचारणारा नगरसेवक ठेकेदाराच्या खर्चानं निवडून आलेला असेल तर तो विचारणार कसा? तुमच्या तोंडून तो प्रश्न निघू नये यासाठीच कोणी आज तुमच्यावर खर्च करायला तयार असू शकतो.

म्हणून पैसा प्रभागातून उभा करा. शिफ्ट सुटताना माणसाकडून थोडे थोडे, पावती फाडून. आपल्याकडे १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासून युनियनला राजकीय कामासाठी वेगळा फंड ठेवायची मुभा आहे, फक्त त्यात वर्गणी देणं कोणावर बंधनकारक करता येत नाही. युनियनच्या कमिटीत हा विषय उघडपणे मांडा. जमा झालेल्या रकमेत बॅनर कमी लागतील, जेवणावळी होणार नाहीत, गाड्या फिरणार नाहीत. पायी फिरा. तुमचा प्रभाग काही मुंबईएवढा नाही, आणि ज्यांच्या घरी तुम्ही कागद भरायला बसला आहात त्यांच्या घरी तुम्हाला बॅनर घेऊन जायची गरजही नाही.

मायबद्दल लिहिताना मला जरा थांबावं लागलं. त्या जेवल्या नाहीत, यातच त्यांचं उत्तर आलं. टोपली त्यांच्या डोक्यावर होती, चटके त्यांनी सोसले, तेव्हा ती गोष्ट सांगायची की नाही हा अधिकार त्यांचा. तुम्ही मुलगा असलात तरी तुमचा नाही आणि ठेकेदाराचा तर अजिबातच नाही. त्यांनी नाही म्हटलंय, तर बॅनरवर, भाषणात, मोबाइलवरच्या पोस्टमध्ये, कुठंच नको. आजच त्यांना तसं सांगून टाका, म्हणजे त्यांच्या जिवाचा घोर जाईल.

तुमचं स्वतःचं बालपण ही वेगळी गोष्ट. ते सांगायला तुम्ही मोकळे आहात, आणि कसं सांगायचं यासाठी हार्डींकडे बघा. पावभट्टीवाल्याची हकीकत जगाला कळली ती त्यांनी स्वतः सांगितली म्हणूनच. पण पार्लमेंटात त्यांना माणसांनी ओळखलं ते त्या हकिकतीमुळे नव्हे. २३ जून १८९४ ला साउथ वेल्समधल्या किलफिनिड गावच्या अल्बियन कोळसा खाणीत स्फोट झाला आणि २९० माणसं मेली. त्याच दिवशी राजघराण्यात मुलगा जन्मला. पार्लमेंटात राजघराण्याच्या अभिनंदनाचा ठराव आला. हार्डींनी एवढंच मागितलं होतं की मेलेल्या खाणकामगारांच्या घरच्यांसाठी दुःखाचे दोन शब्द त्यात घाला. नकार मिळाला. तेव्हा भर सभागृहात, आरडाओरडा चालू असताना, ते एकटे ठरावाविरुद्ध बोलायला उभे राहिले. वर्तमानपत्रांनी झोडपलं. पुढच्या वर्षी निवडणूकही हरले.

त्या भाषणामागे दहा वर्षांचा अंधारात बसलेला मुलगा होताच. खाणीत माणूस मेला की घरी काय होतं हे त्यांना कोणी लिहून द्यावं लागलं नाही. गरिबीतून आलेल्या माणसाकडे ही माहिती असते आणि तिचा उपयोग असा करायचा असतो. तुमच्या बाबांची छाती कशानं गेली, सायडिंगवर धुळीत काम करणाऱ्या ठेका मजुरांची तपासणी होते का, त्यांच्या वस्तीत पाण्याचा नळ किती वेळ चालतो, हे तुम्ही बोला. त्यात बाबांचं नाव आलं तरी चालेल, नाही आलं तरी चालेल.

वेल्सशी हार्डींचं नातं पुढे टिकलं. १९०० मध्ये ते तिथल्याच मर्थर टिडफिलमधून, म्हणजे कोळसा आणि लोखंडाच्या मुलखातून, निवडून आले आणि १९१५ मध्ये मरेपर्यंत तिथले खासदार राहिले. १९०६ मध्ये मजूर पक्षाचे २९ खासदार झाले तेव्हा गटाचे पहिले नेते म्हणून त्यांची निवड झाली, तीही एका मतानं. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले होते. फाळणीनं पेटलेल्या बंगालमध्ये फिरले, पुण्यात लोकमान्य टिळकांना भेटले आणि हिंदुस्थानी लोकांना स्वतःचा कारभार स्वतः करू द्या असं बोलले म्हणून विलायतेतल्या पेपरांच्या शिव्या खाल्ल्या. हा प्रवासाचा भाग तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला नाही, पण पुण्यात टिळकांशी बोलत बसलेला तो माणूस खाणीत वाढलेला होता, हे मला सांगावंसं वाटलं.

तुमचं शिक्षण आणि समोरचा वकील. हार्डी पहिल्यांदा पार्लमेंटात गेले ते साध्या सुटात आणि डोक्यावर कापडी टोपी घालून. बाकी सगळे उंच काळ्या हॅट आणि लांब कोटात. खूप दिवस टिंगल झाली. त्यांनी कपडे बदलले नाहीत. तुम्ही खाणीत जाताना घालता तो शर्ट घालून प्रचार करा असं मी म्हणत नाही, स्वच्छ धुतलेला, नेहमीचा घाला. फक्त ठेकेदारानं शिवून दिलेलं जाकीट नको.

जिभेचं मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण तुम्ही ते पत्रात शेवटी लिहिलंय आणि मला वाटतं, खरी अडचण तुम्हाला तीच वाटते आहे.

अन्युरिन बेव्हन हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. १८९७ मध्ये वेल्सच्या ट्रेडेगर गावात खाणकामगाराच्या घरी जन्मला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तोही खाणीत गेला. लहानपणापासून चांगलाच तोतरा. त्यानं दोन गोष्टी केल्या. कामगारांनी वर्गणीतून उभारलेल्या वाचनालयात बसून प्रचंड वाचलं, इतकं की एखाद्या शब्दावर जीभ अडेलसं वाटलं तर त्याच अर्थाचा दुसरा शब्द हाताशी असायचा. आणि गावाबाहेरच्या टेकड्यांवर चालता चालता मोठ्यानं बोलायची, कविता म्हणायची सवय लावून घेतली. पुढे ब्रिटिश पार्लमेंटातल्या उत्तम वक्त्यांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. तोतरेपणाची खूण शेवटपर्यंत राहिली, पण ती आडवी आली नाही.

बेव्हनचं मला तुमच्यासाठी आणखी महत्त्वाचं वाटतं ते असं, की त्याची सुरुवात तुमच्यासारखीच गावपातळीवर झाली, १९२२ मध्ये ट्रेडेगरच्या स्थानिक कौन्सिलपासून. मधली काही वर्षं त्याला खाणीत कामच मिळत नव्हतं. वडील छातीच्या रोगानं गेले, १९२५ मध्ये. खाणीच्या धुळीनं झालेला तो रोग तेव्हा कामातून झालेला आजार म्हणून धरला जात नसे, त्यामुळे भरपाईचा एक पैसा आला नाही. ट्रेडेगरमध्ये कामगारांनी स्वतःची एक वैद्यकीय मदत सोसायटी चालवली होती. पगारातून थोडी वर्गणी कापायची आणि त्यातून सगळ्यांना डॉक्टर, औषध, दवाखाना. बेव्हन तिच्या कामात होता. १९२९ मध्ये तो खासदार झाला, १९४५ मध्ये आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा त्याच्या हातून सुरू झाली. देशभर दवाखान्याचं दार सगळ्यांना उघडं करताना त्याच्यासमोर गावातल्या त्या सोसायटीचा नमुना होता. तुमच्या बाबांचं वाचलं तेव्हा मला ट्रेडेगर आठवलं ते यामुळे.

तुम्ही रोज एक काम करा. प्रभागातल्या एका प्रश्नावर, म्हणजे पाणी, धूळ, दिवे, जे असेल त्यावर, चार वाक्यं कागदावर लिहा आणि घरात मोठ्यानं बोला. मग ती एका घराच्या ओट्यावर पाच माणसांसमोर बोला. ज्या शब्दावर अडता तो बदला. सभेचं भाषण शेवटच्या आठवड्यात बघू. आणि खाणीत ज्या भाषेत बोलता त्याच भाषेत बोला. पुस्तकी शब्द आणायला गेलात तर जीभ जास्त अडेल, शिवाय ऐकणाऱ्यांनाही तुम्ही परके वाटाल. अडखळलात तर थांबा, श्वास घ्या, पुन्हा बोला. पेन्शनचे कागद तुमच्याकडून लावून घेतलेला म्हातारा माणूस तेवढा वेळ नक्की थांबेल.

राहिल्या वहिनी. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. लिली हार्डींचं आयुष्य बघितलं की हे आणखी पटतं: नवरा सतत दौऱ्यावर, घरात तुटपुंजा पैसा, मुलांचं सगळं एकटीनं. नवऱ्याचं चरित्र लिहिणारे त्या सोसण्याला दोन-चार ओळी देतात. तुमच्या घरात तर नोकरीच त्यांच्या वडिलांच्या जमिनीवर आलेली आहे. तेव्हा हा निर्णय तुमच्या एकट्याचा नाही, आणि त्यांना समजावण्याआधी तुम्ही स्वतः माहिती काढा.

नोकरीत राहून निवडणूक लढवता येते का, हे तोंडी विचारू नका. खाणीच्या स्टँडिंग ऑर्डरची, म्हणजे नोकरीच्या नियमांची, प्रत मिळवा, व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्या आणि पोच म्हणून शिक्का मारून घ्या. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातही लेखी विचारा. दोनपेक्षा जास्त अपत्यांची अट तुम्हाला लागू होते का ते बघा. जागा राखीव असेल तर जात पडताळणीचे कागद वेळेत लागतात, त्यात अनेकांची उमेदवारी जाते. पक्षाकडून लढायचं ठरलं तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षानं उमेदवारी दिल्याचा कागद, वेळेवर हातात आला पाहिजे, नाहीतर अपक्ष म्हणून अर्जाची तयारी ठेवा. निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब मुदतीत द्यावा लागतो, जिंकलात तरी आणि हरलात तरी. तो दिला नाही तर पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरू शकता. हा हिशेब वहिनींच्या हाती द्या, बघा कसा चोख राहतो.

ठेकेदाराला नाही म्हणताना भांडू नका. घरी बोलावू नका, तुम्हीही त्याच्या ऑफिसात एकटे जाऊ नका. युनियनचे दोन जण सोबत घ्या आणि सांगा की प्रभागातले लोक वर्गणी काढताहेत, खर्च त्यातूनच होईल. दारावर आलेली मिठाई किंवा पाकीट, काहीही ठेवून घेऊ नका.

आणि सगळे कागद हातात आल्यावर नोकरीला धोका आहे असं दिसलं, किंवा धोका नसतानाही वहिनींचं मन तयार झालं नाही, तर या वेळी तुम्ही उभे राहू नका. रिटायर झालेल्या कामगारांपैकी चांगला माणूस शोधा, त्याला नोकरीची भीती नाही. वर्गणी त्याच्यासाठी काढा, दारोदार त्याच्यासोबत फिरा आणि निवडून आल्यावर खनिज निधीचा हिशेब मागायला त्याच्याबरोबर जा.

– तुमची ताई